यापुढे तिघंच

“दादा, यापुढे आम्ही तिघंच वाजवायचं ठरवलंय.”

धाकट्याने एका दमात सांगून टाकलं आणि तो जमिनीकडे पाहत राहिला. ड्रमवाला उगाच कुठलातरी स्क्रू पिळत बसला होता. बेस वाजवणारी मास्तरीण पाणी आणायच्या निमित्ताने केव्हाच सटकली होती. सरावाची ही पत्र्याची शेड दादाच्याच वर्कशॉपची. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पण इलाज नव्हता. दोन वर्षं हार्ड रॉक वाजवून त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. ड्रमच्या दणदणाटात स्टेजवर आपलं आपल्यालाही धड ऐकू येत नसे. परवाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिघांनी ऐकलं, तेव्हा कारण कळलं. गिटार जागोजागी घसरत होती. दोन भाऊ, दोन गिटारी. पण चुकतंय कोण, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, लेथवर काम करून बोटं जाड झालेला दादा. चारचौघांत हा आपला भाऊ म्हणायची धाकट्याला हल्ली लाजच वाटायची.

दादाने हातातली वायर नीट गुंडाळून खुंटीला अडकवली.

“बरं केलंत,” तो म्हणाला. “मलाही कामातून सवड होत नाही. शेड मात्र वापरत जा.”

तो एवढं सरळ बोलला नसता तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

महिन्याभराने तिघांचा पहिला कार्यक्रम झाला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. धाकट्याने सवयीने शेजारी पाहिलं; दादाची जागा रिकामी होती. पहिल्या गाण्यात तो तीनदा चुकला, दुसऱ्यात अडखळून थांबलाच. लोक एकेक करून उठायला लागले.

नंतर तो नेहमीच्या साउंडवाल्यावर उखडला. “एक गिटार कमी झाली, तर माझा आवाज वाढवायचा नाही का? सगळं पोकळ वाटत होतं.”

“कमी कुठे झाली?” साउंडवाला वायरी सोडवता सोडवता म्हणाला. “दोन वर्षं लोकांना तुझी एकट्याचीच ऐकू येत होती. दादा पहिल्याच दिवशी मला सांगून गेला होता, ‘माझी बंदच ठेव. धाकटा लोकांसमोर घाबरतो, म्हणून मी नुसता शेजारी उभा राहतो.’”