अंड्यांच्या टेम्पोचा काळा धूर

"परत नापास? तुमच्या यंत्राला डोळे आहेत का बटणं?" सोरिमने काउंटरच्या काचेवर हात आपटला.

चाचणी केंद्रातला तपासनीस तिच्या निम्म्या वयाचा असेल. "बाई, धूर मी सोडत नाही. तुमचा टेम्पो सोडतो."

"गॅरेजमध्ये का नाही सोडत मग? तुमच्या दारात आल्यावरच बरा सोडतो! मोठ्यांच्या मोटारी फुर्रकन पास होतात, आणि गरिबाचा टेम्पो दिसला की तुमच्या नाकाला झोंबतं!"

टेम्पो तिच्या आप्पांचा होता. कोरियातल्या इंचॉन शहराच्या चढावरच्या गल्ल्यांतून भोंगा लावून आप्पा, म्हणजे प्यो मानबोक, अंडी विकत. बायको गेली तेव्हा ते खुर्चीत बसले ते उठेचनात. सोरिमनेच हाताला धरून त्यांना पुन्हा टेम्पोत बसवलं होतं. टेम्पो थांबला की आप्पा संपले, हे तेव्हापासून तिने मनाशी पक्कं धरलं होतं. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि अजूनही पहाटे उठून अंडी आणायला जात.

ती तणतणत बाहेर आली. आप्पा टेम्पोजवळच उभे होते. ती आत भांडायला गेली की ते तिथेच थांबत. इंजिन गार होऊ द्यायचं नाही, म्हणत.

"काय झालं गं?"

"तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना!"

मेंग गॅरेजवाला आप्पांचा जुना दोस्त. त्याने पुन्हा सगळं खोललं, इंजेक्टर साफ केले, नवा फिल्टर घातला आणि आपल्या यंत्राची नळी धुरांड्याला लावली. धूर अगदी नावाला. टेम्पो दिमाखात पास!

"मग तिथे जाऊन काय धाड भरते त्याला?" सोरिमने विचारलं.

"डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही की ते काळं ओकतं." मेंगने हात पुसत आप्पांकडे पाहिलं. "हवा का मिळत नाही, ते मी काय सांगू? तू आप्पांनाच विचार ना."

"त्यांना काय विचारायचं? गरीब माणूस! कुणी टोपी घातली तरी कळायचं नाही त्यांना."

आप्पांनी कागदी पेल्यातली कॉफी खाली ठेवली. "सोरिम, मी काय म्हणतो, आता माझं वय..."

"वयाचं काढू नका हं आप्पा! तुमच्या वयाची माणसं डोंगर चढतात. टेम्पो रस्त्यावर आणणारच मी. कोण अडवतं ते बघते!"

आप्पांनी पुन्हा पेला उचलला.

मजुरी विचारली तर मेंग नको म्हणाला. मागच्या खेपेलाही त्याने घेतली नव्हती. सोरिमच्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. हाच मेंग गेल्या वर्षी म्हणाला होता, टेम्पो मोडीत काढलात तर सुटे भाग मला द्या. चाचणीलाही तो दर वेळी हौसेने बरोबर येत होता. दोस्ताच्या पोटावर पाय! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटच्या चाचणीचा दिवस उजाडला. आज नापास झाला तर टेम्पो पुन्हा रस्त्यावर आणता येणार नव्हता. वाटेत सोरिम मुद्दाम गोड बोलत राहिली. मेंगला तिने घरची उकडलेली अंडीसुद्धा खायला घातली.

केंद्रावर रांग होती. "मी आत जाऊन त्यांची खरडपट्टी काढून येते," ती म्हणाली. पुढच्या दाराने आत शिरली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि जुन्या टायरांच्या ढिगाआड जाऊन बसली.

थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग टेम्पोच्या पलीकडून कुणीतरी वाकून आलं. इकडेतिकडे पाहिलं. केबिनच्या मागे हवा आत घेणारी नळी होती, तिच्या तोंडात एक हात फडक्याचा बोळा कोंबू लागला. ढिगाआडून तिला नुसती वाकलेली पाठ दिसत होती.

सोरिमच्या डोळ्यांत रक्त उतरलं. माझ्या बापाला जिवंतपणी मारायला निघालेत मेले! ती धावली आणि मागून त्याची कॉलर गच्च धरली.

"सापडलास चोरा! माझ्या आप्पांनी तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. त्यांच्यात मेंगही होता, हातात अर्धं सोललेलं अंडं घेऊन.

तिच्या मुठीतली मान सावकाश वळली.

"हळू बोल गं," आप्पा म्हणाले. "आज एवढा नापास झाला की सुटलो मी."