पुढचा पोशाख

"आज तरी चष्मा लाव हं आई, त्यात तुझंच काम आहे," कोर्टवर उतरताना रेवाने बजावलं होतं. सव्विसाव्या वर्षी ती पहिल्यांदाच फायनल खेळत होती, सगळ्या खेळाडूंसारख्याच साध्या राखाडी कपड्यांत. वर हवा तो पोशाख आता प्रेक्षकच आपापल्या चष्म्यातून चढवत.

त्या चष्म्यांत महिला टेनिसच्या पोशाखांचा सगळा इतिहास रेवाच्या आईने, सुनीतीताईंनीच हौसेने भरला होता, अगदी क्रमवार. आधी घोट्यापर्यंतचे घोळदार झगे, मग पोटऱ्या दिसल्या, मग गुडघे, मग आखूड स्कर्ट आले.

पहिला सेट संपला आणि अचानक शिट्ट्या सुरू झाल्या.

"अरे, नवीन आलंय! सगळ्यात शेवटचं लाव!" सुनीतीताईंच्या मागच्या रांगेतला माणूस मित्राला म्हणाला.

सुनीतीताई चपापल्या. नवीन तर त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, शेवटच्या पोशाखाशी आल्या आणि झटकन चष्मा ओढून काढला. त्यांचाच क्रम पुढे नेत चष्म्यांमागच्या यंत्राने पुढचा पोशाख स्वतः तयार केला होता. त्यात कापडच उरलं नव्हतं.

त्या धावतच कोर्टवर शिरल्या आणि खांद्यावरची ओढणी त्यांनी रेवाभोवती घट्ट गुंडाळली.

"आई, वेड लागलं का तुला? अंगभर कपडे आहेत माझ्या!"

सुनीतीताईंनी वर पाहिलं. हजारो चष्मे रेवावरच खिळले होते आणि शिट्ट्या तसूभरही कमी झाल्या नव्हत्या. चष्म्यांना त्या क्रमातलं तेवढंच दिसत होतं, आणि ओढणी त्यांनी त्यात कधी भरलीच नव्हती.