दोन मात्रा

मास्तरांनी बूट काढून चर्चच्या ऑर्गनखाली सरकवले. भाता पायानं मारायचा, आणि बूट घालून तो त्यांना कधीच जमला नव्हता. बुटांना कबरस्तानातली माती तशीच चिकटलेली होती. काल याच वेळेला त्यांनी बायकोला तिथं ठेवलं होतं. आज ईस्टर, प्रभू येशू कबरेतून उठल्याचा रविवार.

"बाबा, आजचा दिवस नका ना वाजवू," मुलगी कानाशी येऊन म्हणाली. "पाळकसाहेब म्हणालेत, नुसत्या टाळ्यांवर गाऊ."

"टाळ्यांवर? मग पहिलं कडवंच दुपारपर्यंत चालेल." मास्तर चष्मा पुसत राहिले. "तुझी आई गेली हे खरं आणि तो उठला हेही खरं. एकापायी दुसरं पुढं ढकलता येतं का? जा, जागेवर जाऊन बस."

गायनमंडळात सात बायका उभ्या होत्या. गेल्या रविवारी मास्तरांच्या बायकोसकट आठ होत्या. आठवीच्या जागेवर कुणीतरी तिचं गीतांचं पुस्तक ठेवलं होतं. त्यात आजच्या गीताच्या तिसऱ्या कडव्यापाशी मास्तरांनीच लाल पेन्सिलनं लिहिलं होतं: थांब! कडवं संपलं की दोन मात्रा गप्प राहायचं, मग सगळ्यांनी मिळून 'हालेलूया' उचलायचा. पण बायको काही थांबायची नाही. तीस वर्षं दरवेळी आधीच घुसायची, आणि आवाज असा की दारं लावली तरी रस्त्यावर ऐकू जावा.

"बाकीच्या साती जणी कशा गुमान थांबतात!" घरी जाताना मास्तर तणतणायचे. "तुलाच कसली एवढी घाई?"

"प्रभूच्या कबरेवरचा दगड बाजूला झालाय," ती म्हणायची, "आणि मी मात्रा मोजत बसू?"

आज त्या दोन मात्रा नीट होणार होत्या. काल मास्तरांनी स्वतः माती टाकली होती. पण त्या दोन मात्रांची शांतता आपल्याला पेलेल की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"मास्तर," गायनमंडळातली शिंपीणबाई खाकरून म्हणाली, "जरा खालच्या पट्टीत घ्या. सगळ्यांचेच गळे भरून आलेत."

"मयताचं गीत काल झालं, बाई. पट्टी आहे तीच राहील."

पहिलं कडवं रडतखडत गेलं. दुसऱ्याला मागच्या बाकांवरचे पुरुष येऊन मिळाले. तिसरं सुरू झालं. शेवटची ओळ संपली. त्यांनी सवयीनं बोटं उचलली, डोळे मिटले आणि मनात मोजलं, एक...

साती जणी घुसल्या. त्यांच्या मागोमाग अख्खं चर्च. दोन म्हणायला जागाच उरली नाही.

गीत संपलं. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं, तोच मास्तर बाकावर मागं वळले. चष्म्याच्या काचा ओल्या होत्या.

"पुन्हा," ते म्हणाले. सरावात कुणी चुकलं की म्हणायचे, अगदी तसंच.

शिंपीणबाई ओशाळली. "चुकलं ना? काय करणार, मास्तर, आम्ही कायम तिच्याबरोबरच सुटायचो. तुम्हाला आवाज तेवढा तिचा ऐकू जायचा. आता थांबतो नीट."

"खबरदार, थांबलात तर!" मास्तर म्हणाले. "चला. तिसरं कडवं."

पाळकसाहेबांनी पानात बोट घालून शास्त्र मिटलं. मास्तरांनी भाता मारला. शेवटची ओळ संपली, आणि या खेपेला त्यांनीही बोटं उचलली नाहीत.