इस्त्रीचा सदरा

सोलापूरच्या कोर्टात वकिलांनी जावयाचा सदरा वर धरला. माझ्या शालनला त्यानंच जीवे मारलं, याचा तेवढाच पुरावा. प्रयोगशाळेनं कळवलं होतं, सदऱ्यावर रक्त नाही.

जजसाहेबांनी हवालदाराला विचारलं, "जप्त केला तेव्हा होतं ना?"

"व्हय साहेब, लई होतं. घाण वास सुटला की! मुद्देमालाच्या खोलीत उंदीर लागले असते. म्हणून घरी मंडळीकडनं धुऊन, इस्त्री करून घेतला, मगच सील लावलं."

जावई गालात हसला. मी त्या स्वच्छ कॉलरीकडे बघत राहिले.

सहा वर्षांपूर्वी शालनच्या तोंडावरचं रक्त पुसायला मी पदर पुढे केला, तेव्हा याच हवालदारानं माझा हात झटकला होता, "मावशी, पुसू नका. पुरावा जाईल."