सखी हजर

“मी सखी. तुम्हाला काय मदत करू?” मास्तरांनी टाइप केलं आणि मिशीवरचा चहा पुसला.

पडद्यावर लगेच उत्तर आलं. “मशीन चालू होत नाही.”

“झाकण नीट लावलंय का, ताई?”

“ताई नको, आजी म्हण. झाकण लावलंय. मशीन चालू होत नाही.”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. सकाळपासून या आजींनी त्यांचं डोकं खाल्लं होतं.

मास्तर काही शाळेतले मास्तर नव्हेत. कपडे धुण्याच्या मशीनबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, ती या कंपनीत इतकी वर्षं त्यांनीच लिहिली. कुणाचाही शब्द चुकला की टोकायचे, म्हणून मास्तर. मग नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं : पुस्तिका बंद. खोक्यावर फक्त क्यूआर कोड. गिऱ्हाइकाने त्यावर मोबाइल धरला की सखी हजर. विचाराल ते सांगणार, तेही संगणकाच्या बुद्धीने.

सखी बनवायचं काम संगणकवाल्या बाईंकडे होतं. थाटात उद्घाटन झालं, टाळ्या झाल्या आणि सखीने पहिल्याच गिऱ्हाइकाला मशीन उलटं करून झटकायला सांगितलं. बाईंना घाम फुटला. त्या तडक मास्तरांकडे आल्या.

“मास्तर, ती सुधारेपर्यंत तुम्हीच व्हा सखी. तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे. नाहीतरी पुस्तिका गेल्यावर साहेब तुम्हाला नारळच देणार. मी सांगते त्यांना, सखीला शिकवायला मास्तर लागतात म्हणून. नोकरी टिकेल. फक्त तुम्ही सखी आहात हे कुणाला कळता कामा नये. साहेबांना नाही, गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही. कळलं की आपण दोघंही घरी.”

अडला हरी कुणाचे पाय धरतो हे मास्तरांना ठाऊक होतं. पण मुलीचं शिक्षण अजून व्हायचं होतं. तेवढ्यासाठी गाढव व्हायला त्यांची हरकत नव्हती.

तर आता या आजी. मास्तरांनी प्लग विचारला, नळ विचारला, घरात वीज आहे का तेही विचारलं. सगळं होतं आणि मशीन चालू होत नव्हतं. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. वय झालं की असं होतं, मास्तरांनी स्वतःला समजावलं. शुद्धलेखन मात्र असं, की एक ऱ्हस्वदीर्घ इकडचा तिकडे नाही. जुन्या पिढीची गोष्टच वेगळी!

“तुला काही येत नाही,” आजींनी लिहिलं. “ठोंब्या आहेस.”

“मी ठोंबी असेन, आजी, पण प्लग एकदा काढून परत लावा ना,” मास्तर दात-ओठ खात टाइप करत होते. तोंडात आलेली शिवी त्यांनी चहाबरोबर गिळली.

“जुनी पुस्तिका बरी होती. ‘झाकण हलक्या हाताने लावा, घाईने लावलेलं झाकण घाईनेच निघतं.’ किती छान लिहायचा तो माणूस!”

मास्तरांची बोटं थांबली.

हे त्यांचंच वाक्य होतं. आयुष्यभर त्यांनी पुस्तिका लिहिल्या आणि त्या वाचल्याचं आजवर कुणी कबूल केलं नव्हतं. घरच्या मशीनचा एक पाय लंगडा होता, तर बायकोने त्याच्याखाली त्याच मशीनची पुस्तिका सारली होती.

“आणखी काही आठवतं का, आजी?” त्यांनी भीतभीत विचारलं.

आजींना सगळं आठवत होतं. लोकरीच्या कपड्यांचं प्रकरण, डागांचं प्रकरण, अगदी शेवटच्या पानावरची सूचनासुद्धा.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बाई जेवायला गेल्या होत्या. नोकरी डोळ्यांसमोर आली, मुलगी आली. तरी राहवेना.

“आजी, कुणाला सांगू नका. ते मी लिहिलंय. सखीबिखी काही नाही इथं. मी माणूस आहे. मिशीसकट.”

“बरं वाटलं. जेवलात का?”

मास्तरांचे डोळे भरून आले. या कंपनीत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“माझ्याकडे पुस्तिकेची एक प्रत उरलीय. तुम्हाला पाठवतो. पत्ता द्या.”

“उद्या देते.”

“आणि मशीन?”

“मशीन चालू होत नाही.”

मास्तर रडता रडता हसले. घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

“अहो, त्या म्हातारीने तक्रार केली म्हणजे?” बायको म्हणाली.

“नाही करणार. पुस्तकं वाचणारी माणसं अशी नसतात.”

सकाळी कचेरीत पाऊल टाकलं तोच साहेबांचं बोलावणं. आत बाई आधीच उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

“काल एक आजी सखीशी बोलत होत्या,” साहेब म्हणाले. “ते सगळं बोलणं मी वाचलंय. शब्दन् शब्द.”

नोकरी गेली, मास्तर समजले. पण बाईंनाही घरी पोरं होती.

“साहेब, यात बाईंचा काही दोष नाही. चूक माझी. मला राहवलं नाही...”

“थांबा हो मास्तर, आधी अभिनंदन तर करू द्या!” साहेबांनी उठून बाईंचा हात हातात घेतला. “ती आजी म्हणजे मी बाहेरून गुपचूप करून घेतलेला प्रोग्राम आहे. आपल्या जुन्या पुस्तिका तिला वाचायला घातल्या आणि सखीची परीक्षा घ्यायला सोडलं. छळायचं, चिडवायचं, हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, सगळं करून पाहिलं तिने. सखी एकदाही चिडली नाही. एकच खोट निघाली. जरा कौतुक केलं, की सखीला आपण माणूस असल्याचा भास होतो. मास्तर, तुम्हीच शिकवता ना तिला? तेवढं तिच्या डोक्यातून काढा.”