कोब्याखालची सळई

"भेगेत बोट गेलं की कोबा फोडायचा, लिंपत बसायचं नाही." उभ्या जन्मात मिस्त्रीने हे शंभर गिऱ्हाइकांना सुनावलं होतं. आज स्वतःच्या फाटकापाशी उकिडवा बसून तो भेगेत अंगठा खुपसून बघत होता. अंगठा जाडजूड. जात नव्हता.

"बघ. काही झालेलं नाही. उन्हाने तडकलाय जरासा."

बायकोने वॉकरचा पाय भेगेवर टेकवला. कड ढासळली आणि तो गपकन आत गेला.

"उन्हाने म्हणे! परवा इथेच अडकले, तेव्हा मी तडकले असते."

नवा गुडघा बसवून ती आठवड्यापूर्वी घरी आली होती. ठेकेदाराला फोनही तिनेच केला होता. हा ठेकेदार एकेकाळी मिस्त्रीच्या हाताखाली घडलेला. आता तो पहार आपटत फाटकापासून दारापर्यंत, वीस फूट, चालत गेला. दोन ठिकाणी ठण्ण वाजलं, बाकी सगळीकडे ढब ढब. खालची माती कधीच वाहून गेली होती.

"हा गेला, मिस्त्री."

"तू मला सांगणार? पहार धरायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. म्हणून तर कळतंय."

"उद्याच फोडा हो," बायको म्हणाली. "मी खिडकीत खुर्ची टाकून बसते. तीस वर्षं ऐकतेय, आठ एमएमच्या सळया, सहा-सहा इंचांवर, वरून रणगाडा नेला तरी हलायचा नाही. बघू तरी एकदा." आणि वॉकर आपटत ती चहा टाकायला आत गेली.

मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्या कोब्याखाली सळईची काडीसुद्धा नव्हती. लोकांच्या घरात त्याने सळया मोजून घातल्या, कारण तिथे गिऱ्हाईक उरावर बसलेलं असायचं. स्वतःच्या दाराची पाळी आली त्या दिवशी सुट्टी होती, अंग मोडून आलं होतं, आणि घरचंच तर काम, बघतंय कोण? नुसता माल ओतला, वरून आरशासारखा घोटला आणि बायकोला सळयांची थाप ठोकून दिली. तिने विश्वास ठेवला. आल्यागेल्याला कौतुकाने सांगितलंसुद्धा. आता ब्रेकरचा पहिला दणका बसला की तीस वर्षांचा तोरा तिच्या डोळ्यांदेखत मातीत.

"दोन वर्षं थांबू," तो म्हणाला.

"दोन वर्षांत वहिनींचा दुसरा गुडघा जाईल."

मिस्त्रीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"खाली सळई नाही."

ठेकेदार हसला नाही. त्याने पहार भिंतीला टेकवली.

"वाटलंच होतं."

"आवाजावरून?"

"नाही. माझ्याही दारात नाही."

आत कपबश्या वाजल्या.

"असं करू," ठेकेदार कुजबुजला. "वहिनींना उठायला वेळ लागतो. मी उजाडताच येतो. गोदामातल्या चार गंजक्या सळया आणतो आणि ढिगाऱ्यात टाकतो. लांबून काय कळतंय?"

मिस्त्री भडकला.

"चार? वीस फुटांना चार? चाळीस लागतात! आणि आठच्याच आण, सहाच्या आणून माझी अब्रू घालवू नकोस. काम करायचं तर नीट कर."