मनगटाचं माप

“घड्याळ शेहेचाळीसचंच द्या,” शर्वाणी सहा महिन्यांच्या लेकीला खांद्यावर थोपटत म्हणाली. “यांचं मनगट जाड आहे. हळदीला कंकणाचा दोरा पुरला नव्हता.”

घड्याळवाल्या बाईंनी तिच्या नवऱ्याचा, हर्षदचा हात मापाच्या यंत्रात ठेवला. हल्ली ही यंत्रं कातडीत साठलेले स्पर्शही वाचत.

“बेचाळीस बसेल, वहिनी. वाळलेत की साहेब.”

पडद्यावर खाली आणखी एक ओळ उमटली: ‘कुणी मनगट धरल्याला १९१ दिवस.’

शर्वाणीला आठवलं. दवाखान्यात कळा सोसताना तिनंच ते धरलं होतं. त्यानंतर नाहीच.

हर्षदनं झटकन पडद्यावर दुसरा हात ठेवला. “यंत्र बिघडलंय तुमचं. ही रोज धरते.”

शर्वाणीचे कान तापले. परक्या बाईसमोर तो तिच्यासाठी खोटं बोलला होता आणि तिला साधं ‘हो’ म्हणवत नव्हतं.

मान खाली घालूनच तिनं लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्याचं मनगट धरलं. पूर्वी कधीच न जुळणारी तिची बोटं सहज जुळली, वर पेरभर उरलीसुद्धा.

“बेचाळीसचं द्या,” ती हळूच म्हणाली. हात मात्र तिनं सोडला नाही.